काळ्या चौकोनातला धनेश

पेन ड्राइव्हमध्ये नको त्या फायली साचत जाव्यात, तसे आमच्या पक्षीमित्र मंडळाचे किस्से साचत गेलेत. आम्ही चौघं. भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका, जळगावचे कापडवाले कांतीशेठ, 'ळ'चा 'य' करून बोलणारे रावेरचे केळीवाले नाना आणि मी. रविवारी पक्षी बघायचे आणि एरवी शाळा-कॉलेजांत स्लाइड्स दाखवत हिंडायचं. खरं सांगायचं तर पक्ष्यांपेक्षा आमचे व्हिडिओच जास्त उडून गेलेत! यंदा तर नानांच्या बांधावरच्या कडुलिंबाचा जीव एका व्हिडिओवर टांगला होता. ते ओघाने येईलच.

*

पहिला कार्यक्रम धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात. स्लाइड आली, व्हिडिओच्या जागी नुसता काळा चौकोन. मी माउस आपटतोय, घाम पुसतोय. तेव्हा कळलं की व्हिडिओ स्लाइडच्या पोटात नसतोच, तिथे फक्त त्याचा पत्ता असतो. व्हिडिओ बिचारा जळगावला, माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये.

गार्डकाका शांतपणे म्हणाले, "इंजिन धुळ्याला पोचलं. डबे यार्डातच राहिले!"

*

तेव्हापासून मी नियमच केला. आधी एक फोल्डर करायचं, व्हिडिओ त्यात ठेवायचा, मग तिथूनच स्लाइडला जोडायचा आणि दुसरीकडे नेताना अख्खं फोल्डर न्यायचं. हा नियम मी इतक्यांना ऐकवला की लोक मला बघून रस्ता बदलायला लागले!

धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांनी मोरांचे व्हिडिओ काढले होते. जळगावच्या कार्यक्रमासाठी त्यांना फोनवर बजावलं, "सगळं घेऊन या, काही मागे ठेवू नका." मास्तर एसटीतून उतरले ते गोधडीत गुंडाळलेलं बोचकं छातीशी धरून. आत घरचा कॉम्प्युटर!

"तुम्हीच सांगं व्हतं ना, बठ्ठं लई या म्हनीसन? हाई ल्या, बठ्ठं शे!"

त्या दिवशी मोर मात्र बिनचूक नाचले.

*

कांतीशेठ श्रद्धाळू माणूस. दुकानात नव्या वहीवर 'श्री' घातल्याशिवाय अक्षर लिहीत नाहीत. एका शाळेत जायला निघण्याआधी त्यांनी प्रेमाने प्रत्येक व्हिडिओच्या नावापुढे 'श्री' लावून टाकलं. स्लाइड जुन्या नावाने हाका मारतेय, ओ द्यायला कोणी नाही. आठ स्लाइड्स, आठ काळे चौकोन!

मी कपाळाला हात लावला. पण मुख्याध्यापिका अक्का मिनिटभर त्या चौकोनाकडे तल्लीन होऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्रीचं किती छान टिपलंय हो!"

घरी येताना गाडीत, पाळधी गाव मागे पडल्यावर शेठ हळूच म्हणाले, "श्री लावून काम बिघडलं, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झालं."

*

आता कडुलिंबाचं. नानांचे थोरले भाऊ आबा तो तोडायला निघाले होते, कारण केळीचे ट्रक वळायला जागा नव्हती. करवतवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पण झाडाच्या ढोलीत मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला स्वतःला आत लिंपून घेऊन बसलेली. झाड पडलं की ती गेलीच. नानांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून मला दिला होता. भावाला तो एकदा मोठ्या पडद्यावर दाखवायचा, एवढीच त्यांची आशा होती.

दुपारी केळी भरायच्या शेडमध्ये पडदा लावला. आबा खुर्चीत, मजूर खाली पसरलेल्या पानांवर. मी बटण दाबलं. काळा चौकोन!

नियम करणारा मी, आणि व्हिडिओ राहिला माझ्याच घरच्या कॉम्प्युटरवर! घराला कुलूप होतं. मोबाइल भरला म्हणून नानांनी मूळ व्हिडिओ पुसून टाकलेला. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

नाना उठले. त्या चौकोनाच्या बरोबर मध्ये बोट ठेवून म्हणाले, "आबा, हे फट पाय. हिच्यातून तिची फक्त चोच येते. पंखाची पिसं तिनं आतमंदी गायून टाकली, तिले आता उडता येत नई. तो दिवसभर फयं आनतो. हे पाय, आला. एक दिलं. दुसरं दिलं. आता गेला. आता ते वाट पाहू राह्यली."

बाहेर ऊन नुसतं उभं होतं. शेडमध्ये पिकत्या केळ्यांचा वास, आणि सगळे त्या अंधाराकडे बघतायत. मीही बघत होतो. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

आबा उठले, खिशातून फोन काढला आणि करवतवाल्याला म्हणाले, "उद्या येऊ नको. पाऊस पडल्यावर पाहू."

आठ दिवसांनी मी अपराधी मनाने, अख्खं फोल्डर तीनदा तपासून पुन्हा रावेरला गेलो. आबांना त्याच खुर्चीत बसवलं. व्हिडिओ लागला! जरा हलणारा, लांबून काढलेला. खोडातली फट, नर आला, फळ दिलं, उडाला.

आबांनी शेवटपर्यंत पाहिला आणि मान हलवली.

"हा तो नई. त्या दिवशीचा लाव, भाऊ. त्याच्यात तिचा डोया दिसत होता."