ओटीपी बावड्याला जायचा

मे महिन्यातल्या एका दुपारी लोणी देवकरच्या एमआयडीसीत वादळ आलं, तेव्हा मी कारखान्याच्या लॅबमध्ये होते. आधी धुळीचा लोट आला, मग गारा. दहा-बारा मिनिटं पत्र्यांवर एवढा आवाज होता की शेजारी उभ्या असलेल्या बाईंचं बोलणंही ऐकू येईना. बाहेर आलो तर पार्किंगची शेड अर्धी उडालेली. तिचे दोन पत्रे लोखंडी अँगलसकट माझ्या गाडीवर पडले होते. पुढची काच फुटून सीटवर सांडली होती, टप मधोमध दबला होता, बॉनेटवर गारांचे खळगे.

सगळे हळहळले, फोटो काढले आणि आपापल्या घरी फोन लावायला बाजूला गेले. मी विम्याच्या एजंटना फोन लावला.

तेही माझ्यासारखे बारामतीचेच. दरवर्षी घरी येऊन पॉलिसी करून द्यायचे, त्यामुळे तो कागद मी कधी नीट वाचला नव्हता. त्यांनी धीर दिला. विमा पूर्ण आहे, वादळ आणि गारपीट त्यात येते. फक्त गाडी चालू करून बघू नका. आत पाणी गेलं असेल तर इंजिन बिघडेल आणि तो खर्च कंपनी देत नाही. मग क्लेम नोंदवायला ओटीपी येईल तो सांगा म्हणाले. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. त्यांनी पॉलिसीवरचा नंबर वाचून दाखवला. तो माझा नव्हता.

तो ज्यांचा होता, त्यांनीच सहा वर्षांपूर्वी शोरूममध्ये बसून माझ्या गाडीचे फॉर्म भरले होते. तेव्हा ते माझे यजमान होते. आता ते बावड्याला आईबरोबर राहतात, ऊस आणि केळी करतात. मी बारामतीत दोन खोल्या घेऊन राहते. मूल नाही. आमचं मोठं भांडण असं कधी झालंच नाही. बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस दोघांनी वकिलांकडे जाऊन सह्या केल्या. त्यानंतर बँक, गॅस, आधार, सगळीकडचे नंबर मी बदलले होते. हा राहिला होता. आणि तो बदलायचा तरी ओटीपी जुन्याच नंबरवर जाणार होता.

दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. फुटलेल्या काचेजवळ उभी राहून मी फोन लावला. काय झालं ते घाईघाईनं सांगितलं, जणू ऑफिसचं काम. ते ऐकत होते.

"तू गाडीत न्हवतीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. आत होते, लॅबमध्ये."

"बरं. आलाय बघ मेसेज." आणि त्यांनी सहा आकडे सांगितले. मी धन्यवाद म्हणाले. त्यांना धन्यवाद म्हणायची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

कंपनीच्या बसनं बारामतीला परतताना मी खिडकीशी बसले. भिगवणपर्यंत रस्त्याकडेची झाडं मोडून पडलेली दिसत होती.

दोन दिवसांनी नुकसान बघायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. शांत माणूस. खडूनं एकेका खळग्याभोवती गोल काढत त्यांनी गाडीला चक्कर मारली, फोटो घेतले. फॉर्म त्यांनीच भरायला घेतला. घटनेच्या वेळी गाडीत कोण होतं? कोणी नाही. संपर्कासाठी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव? मी म्हटलं, ते रिकामं ठेवा. त्यांनी मान न उचलता तिथं रेघ मारली.

गाडी भिगवण रोडच्या गॅरेजमध्ये गेली. खर्चाच्या अंदाजाला संमती द्यायची तर पुन्हा ओटीपी. या वेळी फोन सासूबाईंनी उचलला. ते रानात गेले होते आणि फोन घरीच चार्जिंगला होता. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला. मेसेज कसा उघडायचा ते मी सांगत गेले, त्या एकेक आकडा वाचत गेल्या. चार आकडे झाले आणि त्या थांबल्या.

"जेवलीस का गं?"

जेवले म्हटलं. जेवले नव्हते. मग त्यांनी वादळाचं काढलं. तिकडं वारं लई सुटलं व्हतं, फुलावर आलेली केळी पार झोपली, म्हणाल्या. मी डबा कधी करते, सकाळी किती वाजता निघते, पाठदुखी थांबली का, एकेक विचारत होत्या. समोर गॅरेजच्या माणसाच्या स्क्रीनवर वेळ संपत चालली होती. तो मला खुणावत होता. मला राहिलेले दोन आकडे मागता आले असते. मी मागितले नाहीत. मी पाठीबद्दल सांगत राहिले. वेळ संपल्यावर दुसरा ओटीपी मागवला, तोही त्यांनीच वाचला.

पुढच्या आठवड्यात क्लेम मंजूर झाला. काही सुट्या भागांचा खर्च माझ्याकडे आला, बाकीचा कंपनीनं दिला. एजंट म्हणाले, आता एवढं करतोय तर नंबरही बदलून टाकू, पुढं अडचण नको. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

बावड्याला केलेला तिसरा फोन त्यांनीच उचलला. आकडे सांगून झाले. मी ते भरले, समोर हिरवी खूण आली.

"झालं का?"

"झालं. नंबर बदलला. आता तुम्हाला त्रास नाही."

 त्यांच्या मागं पाण्याची मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"त्रास न्हवता," ते म्हणाले. मग, "बरं, ठिवतो."

गाडी शनिवारी मिळाली. नवीन काच, टप सरळ, रंगही जुळलेला. गॅरेजवाल्यानं कंपनीला पाठवायला माझा गाडीसोबत फोटो काढला आणि सोबत कोणी असेल तर त्यांनाही बोलवा म्हणाला. मी एकटीच उभी राहिले. शहराला वळसा घालून हळूहळू घरी आले. गाडी आली, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पायऱ्यांवर बसून एजंटना फोन लावला.

ते म्हणाले, "हो मॅडम, कळलं. मला कंपनीचा मेसेज आलाय."

मग मी वर गेले, पोहे भिजवले आणि ते मऊ होईपर्यंत ओट्याशी उभी राहिले.