चुन्याची रेघ आणि सकाळचा सडा

१७ एप्रिल. चुलीवर गव्हाचा चीक होता. ज्यांनी कुरडया घातल्या आहेत त्यांना सांगायला नको की चीक एकदा चढवला की बाईनं तिथून हलायचं नसतं. हात थांबला की गाठी होतात. म्हणून फोन तीनदा वाजला तरी मी घोटत राहिले. तारीख पक्की आठवते, कारण तो घाणा पुण्याच्या ऑर्डरचा होता आणि ऑर्डरी मी कॅलेंडरवर लिहिते.

पातेलं उतरवून फोन पाहिला. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ग्रामसेवकाचा निरोप होता. आमच्याकडे दवंडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता हा ग्रुप हीच दवंडी. उद्या सकाळी दहाला ड्रोननं गावठाणाची मोजणी आहे, तरी प्रत्येकानं आज संध्याकाळपर्यंत आपल्या घराची आणि मोकळ्या जागेची हद्द चुन्यानं आखून ठेवावी. रेघ चार बोटं जाड असावी, वरून दिसली पाहिजे. खाली वीसेक अंगठे, आणि एकाचा प्रश्न: ‘कोंबड्याचं खुराडं आखाचं का?’

शेताला सातबारा असतो. गावातल्या घराला तसं काही नसतं. ग्रामपंचायतीच्या कराच्या रजिस्टरात नाव असतं, पण घर कुठून कुठपर्यंत हे फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. आता आकाशातून फोटो निघणार, त्यावरून नकाशा होणार आणि ज्याच्या त्याच्या हातात घराचा कागद येणार. काम चांगलंच होतं. अडचण एवढीच की ज्या गोष्टी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम बोललो नव्हतो, त्या एका संध्याकाळीत जमिनीवर आखायच्या होत्या.

आमचं गाव चिखलीकडचं, अमडापूरच्या पलीकडे. आमच्या घराच्या पूर्वेला पाच-सहा हात रुंदीचा बोळ आहे आणि बोळापलीकडे आत्याचं घर. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण. तरुणपणीच नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला या दोन खोल्या दिल्या. तीन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. दार एकच, आणि ते बोळात उघडतं.

बोळात दिवसभर ऊन असतं. माझा कुरडया-पापडांचा सगळा धंदा त्या उन्हावर चालतो. दोन बाजा टाकते, वर स्वच्छ प्लास्टिक, आणि घाणा घालते. राखण आत्याची. उंबऱ्यात बसून हातातल्या काठीनं ती चिमण्या हाकलते आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, “मीठ कमी हाय आज. पुन्याच्या लोकाइले काय समजते म्हना!” मोबदला घेत नाही. तुटलेल्या कुरडया मात्र हक्कानं नेते, आणि काही कुरडया माझ्या पाठीमागे तुटतात असा मला संशय आहे.

खोटं कशाला बोलू, तो बोळ मलाही हवा होता. तिथे पत्र्याची शेड टाकावी, शेवयांचं मशीन बसवावं, असं माझ्या मनात दोन उन्हाळे घोळत होतं. कागद नाही म्हणून बँक दारात उभी करत नव्हती. आता कागद येणार होता.

दुपारी धाकट्या दिराचा पुण्याहून फोन आला. गावात नसला तरी ग्रुपवर असतो.

“वहिनी, रेघ आत्याच्या भिंतीला लागून मारायची. बोळ आपल्यात घ्या. एकदा नकाशात गेलं की गेलं.”

“आणि आत्यानं दार कुठे उघडायचं?”

“तिला कोण अडवतंय? जाऊ दे की. नाव आपलं असलं म्हणजे झालं.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन नवऱ्याकडे दिला. नवरा भांडणाला घाबरतो. धाकट्या भावाशी भांडायला तर फारच. सूर्य कलल्यावर त्यानं डब्यात चुना घेतला आणि आत्याच्या भिंतीला लागून, तिच्या उंबऱ्यावरून सरळ रेघ ओढली. आत्या उंबऱ्यातच बसून तांदूळ निवडत होती. तिनं पाय वर घेतले, रेघ पुढे जाऊ दिली आणि म्हणाली, “इथं जराशी वाकडी झाली पाह्य.” त्यानं ती सरळ केली.

मी दारातून पाहत होते. शेडचा पत्रा निळा घ्यावा की पांढरा, असा विचार करत होते.

त्या संध्याकाळी अख्खं गाव वाकलेलं होतं. दुकानातला चुना सहा वाजताच संपला. मग कुणी रांगोळी वापरली, कुणी राख. एका घरी गव्हाचं पीठ टाकलं, ते कोंबड्यांनी अंधार पडायच्या आत खाल्लं. चावडीजवळच्या एका सुनेनं रेघेच्या चारही कोपऱ्यांना कमळं काढली. सासूनं विचारलं तर म्हणाली, “वरून फोटो निंघनार हाय ना, मंग?”

दुसऱ्या दिवशी दहाला मोजणीचे साहेब जीपमधून उतरले. चाळिशी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, हातात टॅब. बरोबर ड्रोन उडवणारा आणि ग्रामसेवक. साहेब गल्लीत दहा पावलं चालले आणि थांबले.

“काल रेघा होत्या ना इथं? मला फोटो पाठवले होते.”

रेघा कुठेच नव्हत्या. गल्ली ओली, स्वच्छ, शेणाच्या सड्यानं हिरवट झालेली. पहाटे पाचला उठून गावातल्या प्रत्येक बाईनं रोजच्यासारखं अंगण झाडलं होतं आणि सडा टाकला होता. ठरवून कुणीच केलं नाही. हातानं केलं, डोक्याला कळलंच नाही. मीही त्यातलीच. समोरच्या दाराची माझी रेघ मीच खराट्यानं ओढून गटारात घातली होती आणि साहेब बोलेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता.

“अहो ताई, एक दिवस सडा नसता टाकला तर?” साहेबांनी शेजारणीला विचारलं.

“सडा टाकल्याबिगर चूल पेटवावी का साहेब? तुमच्या घरी इचारा एकडाव.”

“आमच्या घरी फरशी आहे.”

“मंग तुमाले काय समजनार!”

ग्रामसेवक हसू दाबत म्हणाला, “साहेब, अर्धा तास द्या. पुन्हा मारून घेऊ.” चुना आणायला चिखलीच्या रस्त्यानं मोटरसायकल पळाली. ड्रोनवाला झाडाखाली बसला आणि तीन घरांतून त्याला चहा आला.

साहेब तोवर एकेका घराची चौकशी करत आमच्या बोळात आले. इथली रेघही गेली होती. आत्यानं आधी उंबरा धुतला होता, मग भिंतीकडची पट्टी झाडली होती. उंबऱ्याशी रांगोळीची छोटीशी चार पाकळ्यांची नक्षी तेवढी होती.

“ही मधली जागा कुणाची?” साहेबांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. उत्तर आत्यानं दिलं.

“त्याइचीच हाय साहेब. मी जाते-येते तं हे लोकं मले काही म्हनत नाईत. चांगले हायेत.”

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मला टोमण्यांना उत्तर देता येतं. तिनं मनापासून आमची शिफारस केली. माझ्या लग्नाच्या आधीपासून ही बाई स्वतःच्या एकुलत्या एका दारातून ये-जा करते आहे, आणि एका रात्रीच्या रेघेनं ती ये-जा आमची मेहरबानी झाली. आणि आम्ही चांगले. आज मी तिला काही म्हणत नाही. उद्या माझी सून म्हणेल. परवा दीर फाटक बसवेल. शेड टाकायचं माझ्याच मनात होतं, तेव्हा दिराला कशाला नावं ठेवू?

चुना आलाच होता. मी डबा उचलला, पदर खोचला आणि आमच्या भिंतीला लागून, अगदी भिंतीला घासून, रेघ मारायला लागले.

“का वं, काय करून राह्यली?” नवरा जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला.

“रेघ मारून राह्यली.”

“तिकडून माराची व्हती ना.”

“तिकडून तुमी मारली व्हती. पुसल्या गेली.”

“भावाले काय सांगू मी?”

“काही नका सांगू. मी सांगीन.”

त्याचा चेहरा जरा सैल झाला. इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढं शिकले आहे की माझ्या नवऱ्याला योग्य गोष्ट आवडते, फक्त ती दुसऱ्यानं करावी असं त्याला वाटतं. त्यानं डब्यात आणखी चुना ओतून दिला.

साहेबांनी टॅबवर बोट ठेवलं. “म्हणजे बोळ कुणाच्या नावावर?”

“कुणाच्याच नाही. दोन्ही घरांच्या वापराचा लिहा.”

“तसा रकाना नाही ताई. एकतर खासगी, नाहीतर सार्वजनिक.”

“मग सार्वजनिक.”

“विचार करून सांगा. सार्वजनिक म्हटलं की उद्या कुणी मोटरसायकल लावली तरी तुम्हाला बोलता येणार नाही.”

“बोलता येईल,” मी म्हटलं. “आम्ही दोघी आहोत इथे. कागदाची गरज पडणार नाही.”

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, “एक करा, दोघींच्या सहीचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन ठेवा. नंतर घरातल्या कुणी हरकत घेतली तर तुमच्या बाजूनं कागद असावा.” माणूस कामाचा होता.

मग ड्रोन उडाला. फवारणीचा पंप लांबून ऐकू यावा तसा आवाज. गाव ओट्यांवर, छपरांवर चढून वर पाहत होतं. आत्या बोळात उभी होती. ड्रोन डोक्यावर आला तसा तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“आत्या, तो माणूस नाही.”

“मशीन हाय हे मलेबी समजते. पाहून तं माणूसच राह्यला ना?”

मीही नकळत पदर सारखा केला.

संध्याकाळी आत्या आमच्या ओट्यावर आली. मला वाटलं बरं काही बोलेल.

“बावळट हाय का वं तू? हातची जागा सोडली. तुह्या लेकराइले काय सांगशीन?”

“लेकरं पाहतील त्यांचं.”

“मशीन टाकाचं म्हने ना तुले?”

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सहा हातांच्या अंतरावर मनातलंही ऐकू जातं बहुतेक. मी म्हटलं, “समोरच्या खोलीत टाकीन. तिथली गुरांच्या कुटाराची पोती हलवली की जागा होते.”

“मंग दोन उन्हाळे काऊन बसून राह्यली व्हती?” असं म्हणून ती उठली. जाताना सुपातल्या चार कुरडया पदरात टाकल्या. त्या तुटलेल्या नव्हत्या.

साडेसातला दिराचा फोन आला. त्याला कुणीतरी बोळाचा फोटो पाठवला होता, माझ्या रेघेसकट. ग्रुपचा हा एक फायदा.

“वहिनी, जागा वडिलोपार्जित आहे. तुम्ही एकटीनं कशी सोडली? मी हरकत टाकणार. ऑनलाइन टाकता येते.”

“टाका,” मी म्हटलं. “पण आधी एक सांगा. सासरे आजारी होते तेव्हा रात्री त्यांना पाणी कोण द्यायचं?”

सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी बाळंतीण होते. त्यांना रात्री-अपरात्री पाणी द्यायला, उठवून बसवायला आत्या त्याच दारातून येत होती. तेव्हा हा दहावीत होता आणि आत्याच्या खोलीत बसून अभ्यास करायचा, कारण आमच्याकडे बाळ रडायचं.

“ते वेगळं आहे,” तो म्हणाला.

“वेगळं असेल. तुम्ही विचार करा, मी उद्या कळवते.” फोन ठेवला. झोप लागली का विचाराल तर लागली. दोन दिवस चीक घोटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक आटोपून मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि आत्याला हाक मारली. ती यायला तयार नव्हती. “तुमच्या घरचं भांडन, त्यात मी कायले?”

“दार तुमचं आहे, आत्या. मी एकटीनं अर्ज दिला तर ती माझी मेहरबानी होईल. चला.”

तिनं चांगलं लुगडं नेसायला अर्धा तास घेतला. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवरच्या मुलीनं तिचा आधार नंबर घेतला आणि मोबाइल नंबर मागितला. तिच्याकडे मोबाइल नाही. मी माझा सांगू लागले तर आत्या म्हणाली, “लिही तिचाच. तिलेच सांगावं लागते मले सगळं.” अंगठ्याकरता मुलीनं शाईचा डबा पुढे केला. आत्यानं तो बोटानं मागे सारला, माझ्या हातातला पेन घेतला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, एकेक अक्षर नीट थांबून, पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या खाली मी सही केली.

मी अर्जाची पोच मागून घेतली, त्या पोचेचा फोटो काढला आणि तिथेच उभं राहून दिराला पाठवला.