सहा वेळा प्रथमच

परवा आमच्या स्टॅनमोरच्या मराठी मंडळाचं निमंत्रण आलं: ‘मंडळाच्या इतिहासात प्रथमच, मुलांचं नाटक’. वाचलं आणि बारा वर्षांपूर्वीच्या चर्च हॉलमधला ओल्या कोटांचा आणि गरम बटाटेवड्यांचा वास थेट नाकात शिरला.

तेव्हा मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. आमची प्रत्येक नवी कमिटी कॉम्प्युटरवर नवा फोल्डर उघडायची आणि जुन्या कमिटीच्या फोल्डरला शिवायचीही नाही. मी अतिशहाणपणा करून सगळ्या फोल्डरांचा मिळून एकच इंडेक्स बनवला. एक शब्द टाकला की सगळ्या वर्षांचे कागद हजर. वार्षिक सभेत ऐटीत पडदा लावला आणि ‘मुलांचं नाटक’ शोधून दाखवलं. सहा कमिट्यांची सहा निमंत्रणं आली. सहाही ‘प्रथमच’.

हॉल हसला. नाटकाची घोषणा नुकतीच केलेले अध्यक्ष देशपांडेकाका हसले नाहीत. “हे बंद कर. ज्याचा फोल्डर त्याचा सर्च. नाहीतर पद सोड.”

“पद सोडतो काका, सर्च नाही सोडणार.” टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बायको म्हणाली, “अरे, तिसऱ्या निमंत्रणाखाली सही कुणाची आहे ते वाच की.”

सही माझीच होती.

पद त्याच दुपारी गेलं. इंडेक्स अजून माझ्याकडे आहे. त्यातून माझ्या सहीचा तेवढा एक कागद काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं, काढला नाही. परवाचं निमंत्रणही मी त्यातच घातलंय, आणि यंदाच्या सभेला लॅपटॉप घेऊन जाणार आहे.