गॅस, वारं आणि मानाचा पेला

"करवलीने मानाचा पेला धरायचा, नवरदेवाच्या ओठाला लावायचा आणि का ते विचारायचं नाही."

हा नियम मला फ्रॉक घालायच्या वयात सांगितला गेला. हळदीच्या दिवशी देवाला दारू दाखवून झाली की त्याच पेल्यातला पहिला घोट नवरदेवाचा, आणि तो पाजायचा बहिणीने. आमच्या कोपरीच्या घरात हे असंच चालत आलंय. आता माझ्या भावाची, साहिलची, हळद ठरली, म्हणजे करवली मीच!

ज्या घरात कोणी काही विचारायचं नसतं, तिथे किस्से फार साठतात. हल्ली खाडीत जाळं टाकलं की मासळीपेक्षा प्लॅस्टिकच जास्त येतं ना, तसं. निवडायला बसलं की हसूही येतं आणि डोकंही फिरतं.

*

बाबांचं पोट दुखायचं ते वरच्या बाजूला आणि थेट पाठीत जायचं. जेवले की आणखी. घरात सगळ्यांचं एकमत होतं : गॅस!

बाबांचे थोरले भाऊ, आमचे बाळकुमचे काका, ओवा घेऊन आले. मोहने गावच्या आत्याने हिंगाचा लेप लावला. शेजारणीने सोडा पाठवला. बाबा इतके उतरले की पँट दोरीने बांधायला लागले, तरी गॅसच! शेवटी मी भांडभांड भांडून त्यांना ठाण्यातल्या हॉस्पिटलात नेलं. काकाही सोबत आलेले, पुतणी डॉक्टरशी नीट बोलते की नाही ते बघायला.

स्कॅन बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे. पॅन्क्रियाज. जठराच्या मागे असतं."

काका खुर्चीवरून पुढे सरकले. "मॅडम, आमच्या टायमाला पोटात असलं काय नव्हतं!"

*

मॅडमनी विचारलं, "दारू घेता?"

"कधीतरी," बाबा म्हणाले.

"कधीतरी म्हणजे?"

"हळदीला."

"आणखी?"

"साखरपुड्याला. बारशाला. नारळी पुनवेला, होळीला, गटारीला. पाव्हणे आले तर. पाव्हणे गेले तर अंग दुखतं, मग थोडी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग घेत नाही कधी?"

बाबांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "कोणी बोलावलं नाय तर."

*

दारू बंद झाली. आईने घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, तेव्हा काका खाली मान घालून उभे होते. मयताला उभे राहतात तसे.

सिगरेट मात्र सुटेना. घरातल्या शहाण्यांचं म्हणणं एकच : सिगरेटचा धूर जातो फुप्फुसात, पोटाशी त्याचा संबंध काय? पुढच्या तपासणीला मॅडमनी समजावलं की सिगरेट या दुखण्याला एकटीसुद्धा पुरते आणि दारूची जोडीदार झाली की विचारूच नका. बाबांना ते पटलं. त्यांनी हॉस्पिटलाच्या जिन्यातच पाकीट कचऱ्यात टाकलं.

आम्ही गेटबाहेर आलो. काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले, खिशातून स्वतःचं पाकीट काढलं आणि म्हणाले, "सोडलीस ना भावा? लय अवघड काम केलंस. घे, एक ओढ!"

*

बाबांना आता जेवतानाच कॅप्सूल घ्यायच्या असतात. स्वादुपिंड पाचक रस पुरेसा बनवत नाही, म्हणून तो बाहेरून द्यायचा. घास सुरू झाला की कॅप्सूल सुरू, इतकं सोपं आहे. पण आत्याचा वेगळाच कायदा. "जेवताना औषध खाल्लं तर अन्नाचा अपमान होतो." ती कॅप्सूल लपवून ठेवायची आणि दुपारची झोप झाल्यावर आणून द्यायची, तेव्हा पोटात पचवायला काही उरलेलंच नसायचं! डबा मी माझ्या ताब्यात घेतला.

मग बाळकुमला एका बारशाला गेलो. पंगतीत मटण आलं. मी बाबांच्या पानाशी त्यांचा वरणभात आणि कॅप्सूल ठेवली. शेजारी काका. त्यांच्या ताटात वाढप्याने तिसऱ्यांदा मटण घातलेलं. त्यांनी हळूच हात पसरला.

"ही पचवायची गोळी ना गो? मला दोन दे!"

*

याच काकांचा एक हुकमी पत्ता आहे. "मी भावापेक्षा जास्त पितो. मला झालं काय?"

प्रत्येक पिणाऱ्याला हे दुखणं होत नाही, हे खरंच आहे. पण मी त्यांना विचारलं, "काका, सगळ्या होड्या बुडत नाहीत, म्हणून भोक पडलेली होडी खाडीत काढायची का?"

"पोरीला शिकवली, ती बोलायला लागली," काका ओटीवरच्या सगळ्यांना म्हणाले. सगळे हसले.

*

हा किस्सा हसण्याचा नाही.

लग्न ठरल्यावर साहिलला एका रात्री अचानक कळ आली. तीच जागा, तशीच पाठीत जाणारी. ॲडमिट केलं. मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?" बाबा म्हणाले नाही, काका म्हणाले नाही. आमच्या आज्याला खाडीवरचं वारं लागलं आणि तो गेला, एवढंच आम्हाला माहीत.

परत येताना रिक्षात मी सोबत आलेल्या आत्याला म्हटलं, "आत्या, खरं सांग. आजा गेला कसा?"

तिने रिक्षावाल्याकडे बघून आवाज बारीक केला. "गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसायचा गो. उताणा झोपलाच नाय कधी. तुझा बाप तवा लहान होता, पण तुझ्या काकाला सगळं ठाव हाय. दारू सोडवली नाय म्हणून लोक नावं ठेवतील, तर म्हणाला, वारं लागलं सांगा."

बाबाही कळ आली की तसेच वाकून बसतात. त्या रात्री साहिलही तसाच बसलेला.

मी आज्याचं मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी साहिलला स्पष्ट सांगितलं, "हे काही घराण्यांत उतरतं. तुमच्यात उतरलंय का ते तपासू. पण एक झटका येऊन गेलाय. दारू एक थेंब नाही, सिगरेट नाही."

काका तिथेच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हळदीचा घोट काय दारू असते व्हय? तो मान हाय!"

*

हळद. मांडव भरलेला, बँजो सुरू, साहिल पाटावर पिवळाधमक बसलेला. बाबा खुर्चीत. काकांनी देवाला पेला दाखवला आणि माझ्या हातात दिला. "लाव ओठाला."

साहिलने माझ्याकडे पाहिलं. काकांना नाही म्हणायला त्याची जीभ कधीच उचललेली नाही.

मी पेला धरून उभी राहिले.

"लाव ना गो! मुहूर्त चाललाय!"

"नाही लावणार."

"काय?"

"नाही लावणार, काका. याला नाही."

बँजोवाला थांबला. एक म्हातारा पुढे झाला. "बाय, मानाचा पेला परत जात नसतो. तुझ्या आज्याने घेतला, बापाने घेतला..."

"तेच सांगा सगळ्यांना," मी म्हटलं. "काका, आजा गुडघे पोटाशी घेऊन का बसायचा, ते या मांडवात मोठ्याने सांगा. मग मी पेला लावते."

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पदर नीट केला आणि ती साहिलच्या पाटामागे येऊन उभी राहिली.

मी पेला काकांसमोर धरूनच होते.