परमिट रूम की शेवभाजी
धुळ्यातले एक भाऊ हॉटेलवाल्यांना दारूचे परवाने काढून देतात. बोलताना समोरचं मीठ, चमचा, पेला सारखं सरळ करत राहतात. माझ्या नव्या हॉटेलात आले तेव्हा मी विचारलं, "भाऊ, कोणतं लायसन घेऊ?"

त्यांनी आधी शेवभाजी मागवली आणि घाम पुसत संपवली. मग म्हणाले, "परमिट रूममा बठ्ठी, सगळी दारू चालस, दुसरा लायसनमा नुसती बिअर-वाईन. पन मंग आठे मायले लईसन कोन यी?"

परवाने काढून देणारा माणूसच विचारतो, मग इथे आईला घेऊन कोण येणार, म्हणून मी चिडलो.

रविवारी ते पुन्हा आले, म्हाताऱ्या आईला घेऊन. तिला बसवून त्यांनी तिच्यापुढचा पेला सरळ केला. लायसनचा विषय मग मीच काढला नाही.