तांबड्या पापडांचा दोष

एका उन्हाळ्यात पापड तांबडे पडले म्हणून मी धाकट्या जावेचा भर गच्चीवर पाणउतारा केला, आणि पापड बिघडवले होते मीच. आज हसत सांगते. तेव्हा तिशीतली होते, गोडादऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पदर खोचून फौजदारासारखी फिरायचे.

खानदेशातून आलेल्या आम्ही सात-आठ जणी मिळून उडदाचे पापड करायचो. पिठात पापडखार घालायचा मान माझा. माप म्हणजे माझी मूठ, आणि ती चुकते म्हणायची कुणाची छाती नव्हती! त्या वर्षी नमुन्याचा पहिला पापड तळला तर विटेसारखा तांबडा. शेजारीण म्हणाली, "सावली पडनी व माय कोनी तरी!" पाळीतल्या बाईची सावली पडली की पापड लाल होतात, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. मी सरळ जावेकडे वळले.

"खरं सांग, तुझी पाळी आहे ना?"

"नाही."

"खोटं बोलू नको."

झालं. वर्षभर तिला कुणी पापडांना बोलावलं नाही, कुरडयांना नाही, शेवयांनाही नाही. आमच्यात सगळ्यात पातळ पापड लाटणारी ती. खाली जिन्यात बसून आमचं हसणं ऐकायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती न बोलावता वर आली. हातात पत्र्याचा चमचा.

"आज माझा दुसरा दिवस आहे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बायका भिंतीकडे सरकल्या. "सारख्या पिठाचे दोन गोळे करा. एकात जाऊबाई मुठीने खार घालतील, एकात मी चमच्याने मोजून. लाटीन मात्र दोन्ही मीच."

"हे कुठलं खूळ?" मी.

"ह्यांच्या मिलमधलं." माझा दीर पलसाण्याला साड्या रंगवायच्या मिलमध्ये होता. "तिथे रंग बिघडला तर कुणाची सावली शोधत नाहीत. काय किती पडलं ते मोजतात, आणि एक तुकडा वेगळा रंगवून बघतात."

मी खुशीत हो म्हटलं. दोन्ही गोळे लाल होणार, ही कायमची गप्प बसणार, याची मला एवढी खात्री की मूठ जरा जास्तच भरली.

दोन दिवसांनी तळले. माझ्या मुठीचे तांबडे, तिच्या चमच्याचे पांढरे. लाटणारे हात तेच, ऊनही तेच.

माणसं चांगल्या उपदेशाने सुधारतात म्हणे. सुधारत असतील. आमची गच्ची त्या चमच्याने सुधारली. त्याच्या पुढच्या वर्षापासून पापडांच्या वेळी कुणी कुणाला पाळीचं विचारलं नाही, आणि आज माझ्या नाती त्या दिवसांतही बेधडक लोणच्याच्या बरणीत हात घालतात. शेजारीण मात्र तेव्हा पुटपुटली होती, "असं करून बघू नये." करून न बघितल्यानेच तर एक बाई वर्षभर जिन्यात बसली होती.

ते पापड तळले त्या दुपारी सगळ्याजणी बाकीचे पापड वाळवायला पाण्याच्या टाकीपलीकडे गेल्यावर मी हळूच तिच्या कानाशी म्हटलं, "चुकलं गं माझं."

तिने एक तांबडा पापड माझ्या हातात ठेवला.

"जाऊबाई, खोटारडी म्हणालात ते सगळ्यांसमोर, मग हे कानात कशाला? हाका मारा सगळ्यांना, इथेच मोठ्याने सांगा, आणि मग हा पापड तुम्हीच संपवा."