हौसाकाकूंचा उंबरा

उंबऱ्यावर बसू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. हौसाकाकू नेमक्या तिथेच बसायच्या. सकाळी सूप घेऊन त्यांनी उंबऱ्यावर बैठक मारली, की आत जाणाऱ्याला "जरा सरका" म्हणावंच लागे, आणि मग त्या वीतभर सरकत. लग्न होऊन मी राहुरीत आले तेव्हा शेजारीण म्हणून घडलेलं हे पहिलं दर्शन. नव्या नवरीचा शहाणपणा माझ्या अंगात होता. मी म्हणाले, "काकू, उंबऱ्यावर बसू नये म्हणतात." त्यांनी सुपातला खडा वेचून रस्त्यावर टाकला. "म्हनू दी. उंबरा माझा हाय. बशीन, न्हाईतर उभी ऱ्हाईन."

घर खरोखरच त्यांचं होतं. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि काकूंनी कुरडया-पापड विकून पुढची ओसरी आणि मागच्या दोन खोल्या बांधल्या. कुणाशी बोलताना आवाज खाली आणायची त्यांना सवय नव्हती. अख्ख्या गल्लीला त्यांचा धाक वाटे आणि रागही येई. मलाही कधीकधी यायचा, पण त्यांच्यावाचून करमत नसे.

एका फाल्गुनात इथिओपियाहून एक कुटुंब आलं. दावित शेतीच्या संशोधनासाठी आला होता. बरोबर बायको अल्माझ आणि तीन वर्षांची मुलगी. फोनवर ठरवलेली खोली मालकाने त्यांना बघताच "गेली" म्हणून सांगितली होती, आणि तिघं भर उन्हात आमच्या कोपऱ्यावर बॅगांशी उभे होते. पोरीच्या पायाला चटके बसत होते. मला इंग्रजी येतं म्हणून काकूंनी हाक मारली. मला वाटलं नाव-गाव, भाडं विचारायला सांगतील. काकू म्हणाल्या, "इचार त्येंला, पोरगी जेवली का." नव्हती जेवली. पोरीचं जेवण होईपर्यंत मागच्या खोल्या झाडून तयार होत्या.

पहिले दिवस अल्माझला जड गेले. नळाला पाणी कधी येतं हे तिला कुणी सांगेना. भाजीवाला दुप्पट भाव लावी. एकदा तिने दारात शेगडी मांडून कॉफीच्या बिया भाजल्या, तर धूर पाहून दुकानदार दत्तूतात्यांनी "हे काहीतरी भलतंच जाळतात" अशी बातमी पसरवली. काकू उठल्या, तिथे जाऊन मांडी घालून बसल्या आणि तिच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे तीन कप कॉफी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी डोळे लाल. झोप आली नाही का विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई आली. पर तात्यालाबी न्हाई आली."

तिला मराठी शिकवायचं काकूंनीच मनावर घेतलं. मी "नमस्कार", "धन्यवाद" काढून बसले होते. काकूंनी मला थांबवलं. "पैलं 'न्हाई' म्हनायला शिकीव. व्हय काय, कवाबी येतं." मग भाजीवाल्यासमोर उभं करून तिच्याकडून मोठ्याने "न्हाई" म्हणवून घेतलं. भाजीवाल्याने भाव उतरवला. अल्माझ घरी येईपर्यंत हसत होती.

चैत्र लागला आणि काकूंनी लग्नाच्या ऑर्डरीचे गहू भिजत घातले. कुरडया एकट्यादुकट्याचं काम नाही. भिजून आंबलेला गहू वाटायचा, चीक काढायचा, आणि तो शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. गल्लीतल्या बायका दरवर्षी मदतीला येत. गहू भिजला त्याच संध्याकाळी दत्तूतात्या चार माणसं घेऊन आले. परक्या देशाची माणसं, गल्लीत पोरीबाळी, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार, असं बराच वेळ चाललं. शेवटी मुद्द्यावर आले. खोल्या रिकाम्या करा, नाहीतर आमच्या बायका यंदा येणार नाहीत. ऑर्डर बुडाली की काकूंचं वर्ष बुडालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकू उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. चहाही विचारला नाही. "तात्या, आमचं गाव धरणात गेलं तवा मी आईसंगं हितं आल्ते. चार कोसांवरनं आल्ते, तरी परक्या मुलखातली म्हून कुनी दार उघडलं न्हाई. साळंच्या वऱ्हांड्यात निजलो आमी." मग म्हणाल्या, "आता दार माझं हाय. आन गहू भिजलाय. त्यो काय परत कोरडा हुनार न्हाई."

वाटायच्या दिवशी सकाळी कुणीच आलं नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं, हीच परवानगी समजून मी गेले. काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आंबलेल्या गव्हाचा तो उग्र वास परसात पसरला. अल्माझ मागच्या दारात आली आणि थबकली. मला वाटलं, नाक दाबेल. ती पातेल्यावर वाकली, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि रडायलाच लागली. तिच्या घरी भाकरीचं पीठ असंच दिवसदिवस आंबवतात, आईच्या स्वयंपाकघराचा हाच वास, असं तिने मला तुटक इंग्रजीत सांगितलं. मी काकूंना सांगितलं. काकूंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग रडती कशाला? बाह्या वर कर."

दोन दिवस आम्ही तिघी राबलो. हात भाजले, कंबरा मोडल्या. अल्माझच्या कुरडया ताटाएवढ्या पडत. काकू म्हणाल्या, "असूं दी. वऱ्हाड खाऊन उठंल." वाळवण गच्चीवर घालता आलं असतं, पण काकूंनी बाजा मुद्दाम रस्त्याच्या कडेला, तात्यांच्या दुकानासमोर मांडल्या. ऑर्डर वेळेत गेली. पुढच्या वर्षी निम्म्या बायका परत आल्या. काकूंनी कुणाला विचारलं नाही, कुणाला टोमणा मारला नाही, एकेकीच्या हातात सोऱ्या दिला.

गेल्या पौषात काकू झोपेतच गेल्या. मला अजून सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा तिकडेच बघायची सवय आहे. दहाव्याला त्यांचा मुलगा नदीवरून परतला, तेव्हा तात्या त्याच्याबरोबरच चालत होते. आता तरी खोल्या मोकळ्या करून घे, आईपुढे तुझं चाललं नाही, असं वाटभर सांगत होते. दावितच्या संशोधनाचं अजून एक वर्ष राहिलं होतं.

घराशी आलो तर अल्माझ उंबऱ्यावर बसलेली. मांडीवर काकूंचं सूप. कुणीतरी पुटपुटलं की उंबऱ्यावर बसू नये, आणि आजच्या दिवशी तर नाहीच. तात्यांनी तिला उठायला सांगितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "उंबरा काकूचा हाय. बशीन, न्हाईतर उभी ऱ्हाईन."

काकूंच्या मुलाने चपला काढल्या आणि म्हणाला, "वहिनी, जरा सरका. आत जायचंय."

ती सरकली. वीतभरच.